एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

भिकनचा भरवसा जगात दोनच गोष्टींवर आहे, असं त्याची बायको बानाबाई सांगायची. एक बिरोबा आणि दुसरं त्याचं स्वतःचं बोट. त्यातही बिरोबावर जरा कमीच. देवापुढं नारळ फोडला की गडी आधी वास घेऊन बघायचा, नासका तर निघाला नाही ना. रिक्षावाल्यानं औरंगपुऱ्यात उतरवलं की दुकानांच्या पाट्या वाचून खात्री करायचा, मगच पुढं पाऊल. सासऱ्यानं लग्नात दिलेली परात त्यानं मांडवातच उन्हात धरून तिला भोक आहे का ते बघितलं होतं, आणि बानाबाई ते काही विसरायला तयार नव्हती. असल्या माणसाला कोण जवळ करणार? पण गंमत बघा, ह्याच खोडीवर त्याला नोकरी लागली.

तो मूळचा पिशोरकडचा, धनगराचा. बाप मुंजाबा मेंढरं राखायचा, आणि त्याची मोजायची एक रीत होती. सकाळी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, एका अंगानं उघडायची आणि मेंढरं जोडीजोडीनं बाहेर सोडायची. मग परत आत घेऊन तीन-तीननं सोडायची. कळपच तो असा राखायचा की दोननं मोजा नाहीतर तीननं मोजा, शेवटी काही उरू नये. उरायला लागलं की एखादं कोकरू विकायचं, नाहीतर एखादी मेंढी घ्यायची. ह्यामुळं मोजणी चुकली की लगेच कळायचं. मुंजाबा म्हणायचा, "कमी भरलं तर लांडगा. जास्त भरलं तर माणूस."

ह्या म्हणण्याला कारण घडलं होतं. भिकन पोरसवदा असताना एका सकाळी एक मेंढी जास्त भरली. दुसरा कुणी असता तर खुशीत आला असता. मुंजाबाचं तोंड मात्र पांढरं पडलं. दुपारी शेजारच्या वस्तीवरचे चौघे काठ्या घेऊन आले. आमची मेंढी चोरली म्हणाले, आणि ती मुंजाबाच्याच कळपात सापडल्यावर त्याला बाभळीला बांधून ठेवलं. ती मेंढी त्या चौघांतल्याच एकानं आत ढकलली होती, आपली चोरी झाकायला. हे पुढं उघडकीला आलं, पण तोवर बापाच्या मनगटावर दोराचे वळ उठून गेले होते. भिकननं ते वळ बघितले आणि त्या दिवसापासून शेवटी एक उरला की त्याच्या पोटात गोळा यायचा.

पुढं चिकलठाण्याला एमआयडीसी वाढली. जिथं ज्वारी उभी असायची तिथं पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या आणि खेड्यापाड्यातली पोरं डबा बांधून शहराकडं निघाली. मुंजाबानं सगळी मेंढरं पिशोरच्या बाजारात विकली आणि पोराला सांगितलं, आता मागं वळून बघू नको, मागं काही राहिलेलं नाही. भिकन आणि बानाबाई मुकुंदवाडीत एका खोलीत राहायला आले.

काकासाहेबांचं गिअरचं वर्कशॉप होतं. जमीनजुमल्याच्या घरातला माणूस, गोड बोलायचा, कुणावर आवाज चढवायचा नाही. भिकन तिथं हमालीला लागला. एके दिवशी तयार चाकांच्या ढिगात एका चाकाचा दाता मोडका आहे हे त्यानं नुसतं बोट फिरवून दाखवलं, आणि काकासाहेबांनी त्याला चेकर केला. चाकाचे दाते मोजायचे, बोटानं चाचपायचे. भिकन बापाच्या रीतीनं मोजायचा. आधी जोडीजोडीनं, मग तीन-तीननं. चाकं साठ दात्यांची, बहात्तरची, फार तर एकशे वीसची. दोन्ही रीतींनी बिनबोभाट जुळायची आणि भिकनला रात्री झोप लागायची.

मिलिंगवर, म्हणजे चाकाला दाते पाडायच्या यंत्रावर, सांडू हिवराळे होता. भावसिंगपुऱ्यात राहायचा, आयटीआय केलेला, हात सोन्यासारखा. शेडमध्ये कुणाला आकड्यात काही अडलं तर सांडूकडं जायचं. त्याला आकड्यांची थट्टा करायची सवय होती. भिकनचं आणि त्याचं वाईट नव्हतं, डबा शेजारी बसून खायचे. पण डबा शेजारी आणि भाजी आपली आपली. तेवढं अंतर भिकन राखायचा आणि सांडूला ते दिसायचं.

मग ती मागणी आली. लेथ बनवणाऱ्या एका कारखान्याला एकशे सत्तावीस दात्यांची चाकं पाहिजे होती. सांडूनं पहिलं चाक पाडून दिलं. भिकननं पहिल्या दात्याच्या खुणेपासून जोडीजोडीनं मोजलं, एक उरला. तीन-तीननं मोजलं, एक उरला. त्याला घाम फुटला. सात-सातनं मोजून बघितलं, तरी एक उरला. आणि तो शेवटचा दाता बोटाला बाकीच्यांपेक्षा बारीक लागत होता, परक्या कळपातलं खुरटं आत शिरावं तसा.

तो सांडूकडं गेला. सांडू हसला. त्यानं सांगितलं की पाच इंचांचे बरोबर एकशे सत्तावीस मिलीमीटर होतात, म्हणून इंचाच्या लेथवर मिलीमीटरचे आटे पाडायला हेच चाक लागतं. आकडा मोठा हट्टी आहे. दोननं भाग जात नाही, तीननं नाही, पाचनं, सातनं, अकरानं नाही. तेरापासून पुढं बघायलाच नको, कारण तेरा तेरा एकशे एकोणसत्तर, आकड्याच्या बाहेर गेलं.

"ह्यात एक उरलेला नाय, भिकन," तो म्हणाला. "ह्या आकड्याला वाटेकरीच नाय."

भिकनला हे पटलं नाही. सांडूला तर चेव आला. एकाचे दोन, दोनाचे चार, असं दुप्पट करत एकशे अठ्ठावीसवर जायचं आणि त्यातला एक काढायचा, की हा आकडा येतो, असं त्यानं खडूनं फरशीवर करून दाखवलं. भिकननं लगेच विचारलं, काढला तो कुणी काढला आणि गेला कुठं? सांडू पोट धरून हसला. मग त्यानं आणखी एक सांगितलं. असे न फुटणारे, म्हणजे कशानंच भाग न जाणारे, आकडे कधी संपत नाहीत. तुला माहीत असतील तेवढे सगळे एकमेकांत गुण आणि त्यात एक मिळव. आता त्यातल्या कुठल्याही आकड्यानं मोज, शेवटी एक उरणारच. म्हणजे एक तर तो नवा आकडाच न फुटणारा, नाहीतर त्याच्या पोटात तुला माहीत नसलेला असा एखादा बसलेला.

सांडूला ह्यात जगाची मौज दिसत होती. भिकनला ऐकू आलं ते एवढंच, की शेवटी एक उरतो आणि पोटात कुणीतरी लपलेलं असतं.

बारीक दात्याचंही सांडूनं कारण सांगितलं. चाकाचे सारखे भाग पाडायला मिलिंगवर भोकांची तबकडी लावतात. फुटणाऱ्या आकड्यांना शेडमधल्या तबकड्या पुरतात. एकशे सत्तावीसला वेगळी तबकडी मागवायला पाहिजे, नाहीतर प्रत्येक दात्याला केसभर चूक होते आणि सगळ्या चुका शेवटच्याच्या अंगावर येतात. काकासाहेबांना त्यानं दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, आहे त्यात भागव. भिकननं मान हलवली आणि मनात म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

एवढ्यात अठ्ठ्याहत्तरचा तो जुलै उजाडला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांत वस्त्या जळाल्या. सांडूच्या गावचं घरही जळालं. त्याची म्हातारी आई भागूबाई अंगावरच्या लुगड्यानिशी त्याच्याकडं आली. सांडू चार दिवस कामावर आला नाही. आला तेव्हा हसत नव्हता. सुटी झाली की मोर्च्याला जायचा, आणि ते लपवायचाही नाही. शेडमध्ये त्याच्या शेजारी डबा उघडायला आता कुणी बसेना. भिकनही उठून खिडकीपाशी गेला. गावाकडनं येणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी ऐकवून जायचा, आणि संशयी माणसाला पटवायला जास्त वेळ लागत नाही.

अशात चाकांची पहिली खेप परत आली. शेवटचा दाता बारीक, चाक आवाज करतं.

काकासाहेबांनी भिकनला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली. भिकन आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसला, तोही कडेला. काकासाहेब म्हणाले, दिवस वाईट आहेत बाबा, कुणाच्या मनात काय आहे सांगता येत नाही. माझा ह्या शेडमध्ये एका तुझ्यावर भरवसा. जरा नजर ठेव. कुणावर ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. भिकनची छाती मात्र फुगली. जन्मभर ज्या खोडीला लोक हसले, तिला आज खुर्ची मिळाली होती.

त्यानं बापाचीच युक्ती केली. कळपात परकं मेंढरू घुसल्याचा वहीम असला की मुंजाबा त्याला गेरूचा ठिपका लावून ठेवायचा. भिकननं तेलात गेरू कालवला आणि नव्या चाकाच्या त्या बारीक दात्याला एका अंगानं लावला. चाक पाठवायच्या आधी चोवीस दात्यांच्या छोट्या चाकाशी जोडून दिवसभर फिरवून बघायची पद्धत होती. ते काम सांडूकडं. भिकनचा हिशेब सरळ होता. सांडूच्या मनात काळंबेरं नसेल तर ठिपका तिथंच राहील. असेल तर खूण पटू नये म्हणून तो पुसेल.

संध्याकाळी चाक हातात घेतलं आणि भिकन चक्रावला. ठिपका पुसलेला नव्हता. सगळ्या चाकालाच गेरू लागला होता. एकूणएक दाता लाल. खूण ओळखू येऊ नये म्हणून ह्यानं सगळ्या कळपालाच रंग फासला की! केवढं डोकं! भिकनच्या मस्तकात तिडीक गेली. सांडू तिथंच हात धूत उभा होता. "हे लाल कशानं झालं रे?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण संशयी माणूस विचारत नाही, तो फक्त बघतो.

त्यानं जाऊन काकासाहेबांना सांगितलं. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच परत कारकुनासमोर सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी सांडूला घरी पाठवलं. मुद्दाम माल बिघडवला, असं कारण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सांडू फाटकापाशी भिकनसमोर थांबला. त्याला सगळं कळलेलं दिसत होतं.

"मला एकदा इचारायचं तरी," तो म्हणाला आणि गेला.

त्याच्या जागी बद्रीनाथ आला, काकासाहेबांच्या गावचा. सांडूचं पुढं काय झालं ते कानावर येत राहिलं. घातकी म्हणून शिक्का बसलेल्या माणसाला चिकलठाण्यात कुठल्या शेडमध्ये कोण उभं करणार? पिसादेवी रोडला कुठंतरी बांधकामावर विटा उचलतो, म्हातारी धुणीभांडी करते, असं कळलं. असू दे, भिकन म्हणायचा, करावं तसं भरावं. बानाबाई ताट सरकवून उठायची. तिचं असं उठून जाणं त्याला आवडत नव्हतं.

पण बद्रीनाथच्या चाकांचाही शेवटचा दाता बारीक निघाला. आता खोड ती खोड. भिकनला वाटलं, हाही तसलाच. सांडूचा माणूस असेल, कुणी सांगावं! त्यानं पुन्हा गेरू लावला आणि ह्या वेळी डबा घेऊन स्वतः त्या फिरत्या चाकापाशी बसला, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही म्हणून. बद्रीनाथला त्यानं लांब हाकललं.

बसल्या बसल्या त्यानं जे बघितलं त्यानं त्याचा घास तोंडातच राहिला. चाक एक फेरा फिरलं, लाल दाता छोट्या चाकाच्या एका दात्याला लागला. पुढच्या फेऱ्याला तो भलत्याच दात्याला लागला. त्याच्या पुढच्या फेऱ्याला आणखी तिसऱ्याला. प्रत्येक वेळी नवा. छोट्या चाकाचे सगळे दाते लाल झाले आणि त्यांनी मोठ्या चाकाच्या सगळ्यांना रंग दिला. कुणीही हात लावला नव्हता. तिथं भिकनशिवाय कुणी नव्हतंच.

त्यानं चाक उतरवलं. एकशे वीस दात्यांचं चढवलं आणि त्याच्या एका दात्याला गेरू लावला. दुपारभर फिरवलं. ह्या चाकात लाल दाता फिरून फिरून छोट्याच्या त्याच एका दात्यापाशी यायचा. तो छोटा दाता मोठ्या चाकाच्या ठरलेल्या पाच जणांनाच भेटायचा, बाकीच्यांची त्याला ओळखच नाही. पाच लाल, उरलेले कोरडे. एकशे वीसचा आकडा फुटतो, म्हणून ज्याचे त्याचे सोयरे ठरलेले. एकशे सत्तावीस फुटत नाही. तिथं प्रत्येकाला प्रत्येक जण शिवतो, कुणाला कुणी टाळू म्हटलं तरी टाळता येत नाही.

भिकन जमिनीवर बसून राहिला. त्याला बापाच्या मनगटावरचे वळ आठवले. ह्या वेळी दोर त्यानं स्वतः आवळला होता.

तो तसाच लाल हातांनी केबिनमध्ये गेला आणि सांडूला परत बोलवा म्हणाला. त्याचा दोष नाही, आकड्याचा गुणच तसा आहे, आणि दाता बारीक निघतो तो तबकडी नाही म्हणून. बद्रीनाथचाही निघतो. काकासाहेबांनी चष्मा पुसला.

"तबकडीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाबा," ते म्हणाले. "मागवलीय. पुढच्या आठवड्यात येईल."

काकासाहेब समजावणीच्या सुरात सांगत राहिले. गावाकडचे भाऊबंद रोज विचारत होते, त्या मोर्चेवाल्याला कशाला पोसतोस? काढावं तर कारण पाहिजे, आणि त्याच्या कामात कारण सापडत नव्हतं. भिकननं विचारलं, मग तुम्ही त्याला खोटंच काढलं?

"मी कुठं काढलं? तू सांगितलंस, मी ऐकलं."

अरे देवा! जो माणूस नारळाचा वास घेतो, परातीला भोक शोधतो, त्यानं ह्या एका माणसावर संशय घेतला नव्हता. खुर्ची दिली, भरवसा म्हटलं, आणि गडी विरघळला. काकासाहेबांनी आपली चोरी त्याच्या कळपात ढकलून दिली होती. जास्त भरलं तर माणूस. बापानं सांगितलं होतं, पण माणूस कुठल्या बाजूनं येतो ते सांगायचं राहिलं होतं.

घरी त्यानं बानाबाईला सगळं सांगितलं. ती जात्यासारखी घरघरत बोलत राहील असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी मोजलं चारचौघांत. आता चुकलं म्हनायचं ते बी चारचौघांत." त्यानं तिला आठवण दिली की मेंढरं विकलेली आहेत, नोकरी गेली तर पिशोरला परतायला काही नाही. तिला ते माहीत होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं पुसून, झेंडू बांधून पूजा होते. कामगार बायकापोरं घेऊन येतात, शेजारच्या शेडींतलेही डोकावतात. काकासाहेब कोऱ्या धोतरात आले. सगळे यंत्रांना हळदकुंकू लावत होते. भिकन एकशे सत्तावीसचं चाक छोट्या चाकाशी जोडून ठेवलेल्या स्टँडपाशी गेला. सगळे बघत असताना त्यानं एका दात्याला, एकाच दात्याला, गेरू लावला आणि बटण दाबलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, ज्याची त्याची पूजा. आरती झाली, नारळ फुटले, पेढे वाटले. मग भिकननं चाक थांबवलं, उतरवलं आणि दोन्ही हातांनी वर धरलं. सगळं लाल.

"ह्याच खुणेवरून मी सांडूला चोर म्हनलो," तो म्हणाला. "मी एक दाता रंगवला, तुमी बघितलं. बाकीच्यांला कुनी हात लावला? सांडूनं काय केलेलं नाय. तबकडी नव्हती. सायेबांला ठावं होतं."

बानाबाई पदर डोक्यावर घेऊन भिंतीशी उभी होती, ती हलली नाही. काकासाहेब हसले आणि म्हणाले, प्रसाद घ्या सगळ्यांनी, थंड होतोय. दिवाळी संपल्यावर भिकनला सांगण्यात आलं की आता चेकरची गरज नाही.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो भावसिंगपुऱ्यात गेला. दारात भागूबाई होती. तिनं त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. कोण, कुठला, कोणत्या गावचा, इथं काय काम, एकट्याच आलास का मागं आणखी कुणी आहे? भिकनसारख्या संशयी माणसाला तिनं असं तपासलं की त्याला पहिल्यांदा कळलं, समोरच्याला कसं वाटत असेल. फरक एवढाच की तिच्या संशयाला जळलेल्या घराचं कारण होतं. तो उन्हात उभा राहिला. सांडू आला, त्याच्या हाताला सिमेंट लागलेलं होतं. भिकननं जे झालं ते सांगितलं, माफी मागितली आणि रडला.

"चारचौघांत बोललास, बरं केलंस," सांडू म्हणाला. "पन आता तुझ्यावर भरवसा ठेव असं मला म्हनू नको. ते माझं मला ठरवू दे."

त्यानं पाणी दिलं. भिकन तांब्या रिकामा होईपर्यंत प्याला. त्या घरचं पाणी तो पहिल्यांदाच पीत होता आणि ते दोघांनाही माहीत होतं.

चिकलठाण्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. सांडूच्या नावावरचा डाग शेडीशेडीतून पुसला गेला. त्याला एका लहान वर्कशॉपात काम मिळालं, आणि काही वर्षांनी त्यानं जुनं मिलिंग घेऊन स्वतःची शेड टाकली. भिकन तोवर गुलमंडीत कापडाचे गठ्ठे वाहत होता. एक दिवस सांडू तिथं आला, दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, मोजायला माणूस पाहिजे.

भिकन गेला. पण सांडू शब्दाचा पक्का. भिकननं मोजलेलं प्रत्येक चाक तो माल जायच्या आधी स्वतः परत मोजायचा. न रागावता, न बोलता, भिकनच्या समोर. एक वर्ष, दोन वर्षं, पुढं तर किती गेली. दोघांचे केस पिकले. डब्यातली भाजी आता एकमेकांच्या ताटात जायची, बानाबाई भागूबाईकडं पापड लाटायला जायची. तरी माल निघताना सांडूचं बोट दात्यांवरून फिरायचंच. भिकन बाजूला उभा राहून बघायचा. एकदा बानाबाईनं त्याला विचारलं, राग येत नाही का? तो म्हणाला, येतो की. पण त्याच्या जागी मी असतो तर तीनदा मोजलं असतं.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार, असं त्या दिवशी जाहीर झालं. शहर दबकून होतं, चौकाचौकांत पोलीस, दुकानं अर्धी उघडी. लोक एकमेकांकडं बघत होते, पुन्हा पेटतं की काय म्हणून. सांडूच्या शेडमध्ये एकशे सत्तावीसच्या चाकांची पेटी बांधायची होती, टेम्पो दुपारी येणार होता. भिकननं मोजून चाकं लावून ठेवली आणि नेहमीसारखा बाजूला सरकला.

सांडू आला तो कोरा सदरा घालून. भागूबाई बाहेर रिक्षात बसली होती. तिला विद्यापीठाच्या कमानीपाशी न्यायचं होतं, आज जाणारच म्हणून ती सकाळपासून अडून बसली होती. सांडूनं पेटीकडं नजर टाकली.

"टेम्पो आला की देऊन टाक," तो म्हणाला.

"तू मोजले नाईस."

"तू मोजलेस ना?"

"व्हय."

"मग झालं की," सांडू म्हणाला आणि रिक्षाकडं वळला.

भिकन दारात उभा राहिला. रिक्षा वळणापलीकडं जाईपर्यंत त्याला वाटत होतं, हा उतरेल, परत येईल. सांडू आला नाही. मग भिकननं आत येऊन पेटीतलं वरचं चाक मांडीवर घेतलं आणि जोडीजोडीनं दाते मोजत गेला. शेवटी एक उरला. पोटात गोळा आला नाही. डोळे मात्र भरून आले आणि बोट दात्यावरून घसरलं, म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.